नळी सोपी, अस्तर अवघड

पुणे-सातारा महामार्गावरून चेलाडी फाट्याला आत वळले की नसरापूर लागते आणि तोच रस्ता पुढे तोरणा-राजगडाच्या पायथ्याकडे, वेल्ह्याला जातो. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांतल्या माणसाला रक्तवाहिनीचे मोठे ऑपरेशन करून घ्यायचे तर या फाट्यापासून ३५-४० किलोमीटरवरच्या पुण्याचीच वाट धरावी लागते. त्यात महामार्गावरच्या अपघातात मांडीची धमनी तुटलेला तरुण असतो, मधुमेहाने पायाचा रक्तपुरवठा आटत चाललेला शेतकरी असतो, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारी एखादी आई असते. तिघांचे आजार वेगळे आहेत. पण तिघांच्याही बाबतीत सर्जनपुढे कधी ना कधी एकच अडचण उभी राहते. चार-सहा मिलिमीटर रुंदीची, रक्त वाहून नेणारी आणि बंद न पडणारी एक नळी हवी असते आणि ती कारखान्यात मिळत नाही. कृत्रिम खुबा मिळतो, गुडघा मिळतो, हृदयाची झडप मिळते. ही बारीक नळी मात्र ७० वर्षांच्या खटपटीनंतरही रुग्णाच्या स्वतःच्या शिरेची बरोबरी करू शकलेली नाही. असे का झाले, याचे उत्तर माझ्या मते सरळ आहे. इतकी वर्षे आपण नळी बनवत राहिलो आणि शरीर तर नळीइतकेच, किंबहुना जास्त, तिच्या आतल्या अस्तरावर चालते. हे अस्तर विणण्याचे बी रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तात फिरत असते, हे गेल्या तीन दशकांत दिसून आले आहे. त्या बियाण्यावर पुण्या-मुंबईच्या सार्वजनिक संस्थांनी धीराने काम करावे, असे मला का वाटते ते इथे मांडतो.

आधी हे अस्तर म्हणजे काय ते पाहू. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला, महाधमनीपासून केसाहून बारीक केशवाहिनीपर्यंत, आतून एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. सपाट, फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या या पेशींकडे बराच काळ निव्वळ गुळगुळीत आवरण म्हणून पाहिले गेले. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर केलेला प्रयोग या समजुतीला धक्का देणारा ठरला. एका रसायनाने धमनीचा तुकडा कधी सैल पडे, कधी आवळला जाई. शोध घेतल्यावर कळले की तुकडा कापताना-हाताळताना आतला थर घासला गेला असेल तर धमनी सैल पडतच नाही. म्हणजे ‘सैल पड’ हा निरोप स्नायूला अस्तराकडून जात होता. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. फर्चगॉट यांच्या प्रयोगाच्या थोडे आधी, १९७६ मध्ये, जॉन वेन आणि साल्वादोर मोंकाडा यांच्या गटाने प्रोस्टासायक्लिन शोधले होते. तेही याच अस्तरातून पाझरते आणि रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. याशिवाय गुठळी होऊ न देणारी आणि झालेली गुठळी विरघळवणारी द्रव्येही या पेशी तयार करतात. रक्त वाहिनीबाहेर सांडले की काही मिनिटांत गोठते आणि वाहिनीत जन्मभर पातळ राहते, यामागे मुख्यतः या थराची चोवीस तास चाललेली राखण आहे.

वाट आहे पण राखण नाही, अशा ठिकाणी काय होते याचा एक धडा मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या इतिहासात सापडतो. १९६५ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी टी. ई. उडवाडिया, एस. जी. किनरे आणि जी. बी. परुळकर या सहकाऱ्यांसह एक धाडसी कल्पना प्रसिद्ध केली. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या स्नायूला बरेचसे रक्त थेट हृदयाच्या कप्प्यातूनच मिळते. मग माणसाच्या धमन्या बंद पडल्या असतील तर हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रे पाडून तीच सोय करता येईल का? महापालिकेच्या रुग्णालयात, तुटपुंज्या साधनांत केलेला हा विचार जगाने गांभीर्याने घेतला. पुढे लेसरने अशी छिद्रे पाडण्याची शस्त्रक्रिया परदेशांत रूढही झाली. पण नंतर अशा रुग्णांच्या शवविच्छेदनांत ती छिद्रे बहुतेक ठिकाणी बुजलेली आढळली. शरीर अशा वाटेला जखम समजते आणि जखम म्हणून भरून काढते. सेनांच्या कल्पनेला यामुळे कमीपणा येतो असे मी मानत नाही. जगातल्या श्रीमंत प्रयोगशाळांतल्या कापडी आणि प्लास्टिकच्या नळ्यांपुढेही बरोबर हाच प्रश्न उभा होता.

त्या नळ्यांची कहाणी १९४७ च्या सुमारास सुरू होते. कोलंबिया विद्यापीठातले तरुण सर्जन आर्थर व्हूरहीस यांना कुत्र्याच्या हृदयात चुकून राहून गेलेल्या रेशमी टाक्यावर चकचकीत पातळ थर चढलेला दिसला. धाग्यावर थर चढतो, तर विणलेल्या कापडाच्या नळीवरही चढेल, असा तर्क करून त्यांनी विन्यॉन-एन नावाच्या कापडाच्या नळ्या शिवल्या आणि १९५२ मध्ये आपले निष्कर्ष छापले. ह्यूस्टनच्या मायकल डबेकींनी डेक्रॉन या पॉलिस्टर कापडाची पहिली नळी घरच्या शिलाई मशीनवर शिवली होती. १९७० च्या दशकात टेफ्लॉनच्याच कुळातली, ताणून सच्छिद्र केलेली पीटीएफई नळी आली. पोटातल्या महाधमनीसाठी या नळ्या आजही उत्तम चालतात, कारण तिथे वाट रुंद असते आणि रक्ताचा वेग मोठा. सहा मिलिमीटरच्या खाली आले की गणित बिघडते. कापडावर किंवा प्लास्टिकवर प्रथिने बसतात, त्यांवर प्लेटलेट्स, मग गुठळी. आणि जिथे नळी खऱ्या वाहिनीला शिवलेली असते तिथे पेशी बेसुमार वाढून तोंड अरुंद करतात. कुत्र्यात कापडावर लवकर अस्तर चढते. माणसात ते टाक्यांपासून एक-दोन सेंटीमीटर सरकते आणि थांबते. मधला सगळा भाग वर्षानुवर्षे उघडा राहतो. प्राण्यांवरच्या यशावर विसंबलेल्या पिढ्यांना हा फरक उशिरा उमगला.

म्हणून हृदयाच्या बायपाससाठी अजूनही रुग्णाच्याच पायाची शीर किंवा छातीच्या आतली धमनी वापरतात. छातीतली धमनी दहा वर्षांनी दहापैकी जवळजवळ नऊ जणांत चालू असते. पायाच्या शिरा मात्र तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडलेल्या असतात. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये झाली होती आणि पंतप्रधानपदी असताना जानेवारी २००९ मध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने दिल्लीत त्यांची पुन्हा बायपास केली. दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी शीर आणायची कुठून, हा प्रश्न मोठ्या शहरातल्या प्रसिद्ध रुग्णालाही चुकत नाही. ज्याच्या शिरा सुया टोचून, फुगून किंवा आधीच्या ऑपरेशनमध्ये खर्ची पडल्या आहेत, त्याच्यासाठी तर नळीशिवाय पर्यायच उरत नाही.

नळीला आधीच अस्तर लावून मग ती बसवावी, हा विचार १९७८ मध्ये अमेरिकेतल्या माल्कम हेरिंग यांनी करून पाहिला. कुत्र्याच्या शिरेच्या आतून त्यांनी पोलादी लोकरीने पेशी खरवडल्या आणि नळीवर पसरल्या. माणसात ही घाईची पेरणी फारशी जमली नाही, कारण पेशी थोड्या आणि चिकटणाऱ्या त्याहून थोड्या. खरे काम व्हिएन्नात झाले. मानफ्रेड डॉइच, पीटर झिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून पायाच्या बायपासच्या रुग्णांची चार-पाच सेंटीमीटर शीर आधी काढून घेतली, तिच्यातल्या अस्तराच्या पेशी काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवल्या, पीटीएफई नळीला आतून फायब्रिन या रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा लेप दिला आणि त्यावर या पेशींचा अखंड थर बसवून मगच नळी मांडीत शिवली. सुरुवातीच्या तुलनात्मक अभ्यासात नऊ वर्षांनी अस्तर लावलेल्या नळ्यांपैकी सुमारे ६५ टक्के चालू होत्या. साध्या नळ्यांपैकी अवघ्या १६ टक्क्यांच्या आसपास. नळी तीच, मांडी तशीच, सर्जन तेच. फरक फक्त एका पेशीच्या जाडीचा. या विषयावर मी जे काही वाचले आहे त्यात माणसावरचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. आणि तरीही ही पद्धत व्हिएन्नाबाहेर फारशी पसरली नाही. एका ऑपरेशनसाठी आधी दुसरे छोटे ऑपरेशन करायचे आणि पेशी वाढवण्यासाठी काटेकोर स्वच्छतेची प्रयोगशाळा रुग्णालयाच्या शेजारी सांभाळायची, हे बहुतेकांना झेपले नाही. शिवाय ज्याला नळीची गरज आहे, त्याच्याकडेच चांगली शीर नसते.

इथे रक्ताचा प्रवेश होतो. १९६३ मध्येच डबेकींच्या सहकाऱ्यांनी प्राण्याच्या महाधमनीत, भिंतीला न टेकेल असा डेक्रॉनचा तुकडा लटकत ठेवला होता आणि त्यावर काही दिवसांनी अस्तरासारख्या पेशींची बेटे उगवलेली पाहिली होती. भिंतीवरून सरकत येण्याची सोयच नव्हती, तेव्हा त्या पेशी वाहत्या रक्तातून येऊन बसल्या असणार. ही नोंद बरीच वर्षे बाजूला पडली. १९९७ मध्ये बॉस्टनमध्ये ताकायुकी असाहारा यांनी माणसाच्या रक्तातून अशा पेशी वेगळ्या काढल्याचे ‘सायन्स’मध्ये जाहीर केले आणि विषयाला तोंड फुटले. त्यानंतर चारच वर्षांत, २००१ मध्ये, बॉस्टनच्याच बाल रुग्णालयातल्या संजय कौशल आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर निर्णायक प्रयोग केला. डुकराच्या धमनीतल्या सगळ्या पेशी धुऊन काढून उरलेला निर्जीव सांगाडा त्यांनी घेतला, मेंढीच्या रक्तातून वाढवलेल्या पेशींचे त्याला अस्तर केले आणि तो त्या मेंढीच्या मानेतल्या धमनीत बसवला. बिनअस्तराच्या नळ्या पंधरा दिवसांच्या आत बंद पडल्या. अस्तर असलेल्या १३० दिवस चालू राहिल्या आणि खऱ्या धमनीसारख्या आवळू आणि सैल पडूही लागल्या.

पुढच्या काही वर्षांत या क्षेत्रात बराच गोंधळ माजला, हेही सांगितले पाहिजे. रक्तातून काढून बशीत चिकटलेल्या कुठल्याही पेशीला अस्तराची मूळ पेशी म्हणण्याची फॅशनच पडली. इंडियाना विद्यापीठातले मर्विन योडर आणि डेव्हिड इनग्रॅम यांनी २००४ ते २००७ या काळात हा गुंता सोडवला. पहिल्या आठवडाभरात बशीत दिसणाऱ्या पेशी बहुतांशी पांढऱ्या पेशींच्याच जातीच्या निघाल्या. त्या मदतनीस असतील, पण अस्तर होत नाहीत. खऱ्या पेशी फार थोड्या असतात आणि फार उशिरा दिसतात. प्रौढाच्या वीसेक मिलिलिटर रक्तात त्यांची जेमतेम एखादी वसाहत उगवते. या संशोधनाचे भवितव्य या दुर्मीळ पण जोमदार पेशींवर आहे आणि या भेदाकडे काणाडोळा करून काढलेल्या निष्कर्षांवर विसंबू नये.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते? रुग्णाच्या दंडातून ५० ते १०० मिलिलिटर रक्त घेतात, म्हणजे रक्तदानाच्या पिशवीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ते एका जड पारदर्शक द्रवावर अलगद सोडून यंत्रात गरगर फिरवले की तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर प्लाझ्मा वर राहतो आणि दोहोंच्या मध्ये दुधी रंगाचा एक पातळ पट्टा तयार होतो. तो पट्टा पिपेटने उचलून, धुऊन, कोलॅजनचा लेप दिलेल्या बशीत वाढीची द्रव्ये घालून ३७ अंशांना ठेवतात. रोज जुना द्रव काढायचा, न चिकटलेल्या पेशी टाकायच्या, नवा द्रव घालायचा. दोन आठवडे बहुधा काहीच दिसत नाही. मग साधारण चौदाव्या ते एकविसाव्या दिवसादरम्यान सूक्ष्मदर्शकाखाली एका कोपऱ्यात फरसबंदीसारखा बारीक ठिपका उमटतो आणि तिथून वाढीचा वेग झपाट्याने चढतो. भोर-वेल्ह्याच्या भातशेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही: आधी थोड्या जागेत तरवा टाकायचा, रोपे जोमाची झाली की उपटून खाचरात लावणी करायची, तसेच हे. लावणीची जागा तरी किती? ४० सेंटीमीटर लांब आणि सहा मिलिमीटर रुंद नळीच्या आतला पृष्ठभाग सुमारे ७५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे बोटे सोडून तळहाताएवढा भरतो. एका चौरस सेंटीमीटरला लाखभर पेशी धरल्या तर ७५ लाख पेशी लागतात. आकडा मोठा दिसतो, पण एका चांगल्या वसाहतीला दुपटी-दुपटीने तिथवर पोचायला काही आठवडेच लागतात. त्यानंतर नळीतून आधी हळू, मग वाढत्या वेगाने द्रव खेळवतात. पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात, घट्ट धरून बसतात. ही सवय न लावता नळी थेट धमनीत शिवली तर पहिल्याच तासांत रक्ताच्या झोताने थर धुऊन जातो.

हे काम भारतात झालेलेच नाही असेही नाही. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९० मध्ये पहिली देशी हृदयझडप माणसात बसवली, हे अनेकांना ठाऊक असेल. त्याच संस्थेत लिसी कृष्णन यांच्या गटाने रक्तातून काढलेल्या या पेशी फायब्रिनच्या जाळीवर वाढवून डेक्रॉन आणि पीटीएफई नळ्यांवर त्यांचा थर बसवल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध केले. फायब्रिन रक्तातूनच मिळते, म्हणजे गोंद आणि पेशी दोन्ही रक्तातलेच. कमी खर्चात विचार करण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप वेळेचा आहे आणि तो खरा आहे. महामार्गावर धमनी तुटलेल्या माणसाचा पाय वाचवायला साधारण सहा तास मिळतात. त्याला महिनाभर पेशी वाढवू असे कोण सांगणार? त्याच्यासाठी कपाटातून काढून लगेच शिवता येईल अशीच नळी हवी. अशी एक नळी आली आहे. लॉरा निकलसन यांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेत डुकराच्या पेशींपासून धमनी वाढवून दाखवली होती. त्यातूनच पुढे दात्याच्या पेशींपासून नळी वाढवायची, मग पेशी धुऊन काढून फक्त प्रथिनांचा सांगाडा ठेवायचा, ही पद्धत निघाली. हातापायाच्या धमनीच्या दुखापतीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये तिला मान्यता दिली. मग रक्तातल्या पेशींचा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. पण या नळीच्या मान्यतेसोबतच ती फाटून किंवा टाके सुटून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो, असा ठळक इशाराही दिला आहे. बसवताना तिला अस्तर नसते, ते रुग्णाच्या पेशींनी हळूहळू भरावे ही अपेक्षा. अपघातात हे पत्करावे लागते आणि पत्करावेही. ठरवून करायच्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी आहे. पायाच्या बायपासचे सगळेच रुग्ण गँगरीन होऊन धावत येत नाहीत. कित्येक जण चालताना पोटरी धरते म्हणून महिनोन्महिने दवाखाने पालथे घालत असतात. जन्मतः हृदयात दोष असलेल्या बाळाच्या ऑपरेशनची तारीखही आधी ठरते. स्वतःच्याच शिरा-धमनीचा फिस्टुला करून घेणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णालाही तो वापरण्याजोगा व्हायला सहा आठवडे ते तीन महिने थांबावे लागते. जिथे वाट पाहणे आधीपासूनच उपचाराचा भाग आहे, तिथे पेशींना लागणारा महिना हा अडथळा ठरू नये.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. टोकियोत तोशिहारू शिनोका यांनी १९९९ मध्ये चार वर्षांच्या मुलीच्या फुप्फुसधमनीत, तिच्याच शिरेतल्या पेशी लावलेली विरघळणारी नळी बसवली आणि पुढे अस्थिमज्जेच्या पेशी वापरून एकूण २५ रुग्णांवर असे उपचार केले. नळीमुळे कुणी दगावले नाही, काहींत नळी अरुंद झाली. पण २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात असे दिसले की लावलेल्या मज्जापेशी काही दिवसांतच नाहीशा होतात. त्या शरीराच्या पेशींना फक्त हाक देऊन जातात. म्हणजे अस्तर लावणे हा भ्रमच का? मला तसे वाटत नाही. मज्जेतल्या मिश्र पेशी वेगळ्या आणि फरसबंदीसारखा अखंड थर करणाऱ्या पेशी वेगळ्या. व्हिएन्नाच्या रुग्णांत काही कारणाने काढाव्या लागलेल्या नळ्यांच्या तुकड्यांत काही वर्षांनंतरही अस्तर शाबूत आढळले होते. टोकियोच्या अनुभवातून एवढे नक्की शिकावे की रुग्ण बरा झाला म्हणजे आपली उपपत्ती बरोबर होती, असे धरून चालू नये. पेशी शरीरात टिकल्या की नाही हे दरवेळी तपासायलाच हवे. ज्यांनी स्टेंटवर प्रतिपिंडाचा लेप देऊन वाहत्या रक्तातून या पेशी आपोआप पकडण्याचा प्रयत्न केला, त्यांनाही मोठ्या चाचण्यांत अपेक्षेइतका लाभ दिसला नाही. गळाला लागणाऱ्या पेशींत हव्या त्या थोड्या आणि नको त्या फार, हे त्याचे एक कारण असावे.

ज्याला गरज जास्त त्याचेच बी कमजोर, ही तिसरी अडचण. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मधल्या अभ्यासाने दाखवले. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात या पेशी कमी भेटतात आणि संथ वाढतात. ड्यूक विद्यापीठातल्या जॉर्ज ट्रस्की यांच्या गटाने हृदयधमनीविकाराच्या रुग्णांच्या रक्तातूनही प्रवाहात टिकणारे अस्तर वाढवून दाखवले आहे, तेव्हा दार बंद नाही, पण प्रत्येक रुग्णात यश येईल असे कुणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये. डायलिसिसच्या नळीत तर आठवड्याला तीनदा जाड सुया खुपसल्या जातात आणि ती मुख्यतः शिरेकडच्या टोकाला आवळते. तिथे अस्तराने सगळे प्रश्न सुटतील असा माझा दावा नाही. पहिली कसोटी पायाच्या बायपासवरच व्हावी. नाळेच्या रक्तात या पेशी विपुल असतात हे खरे, पण दुसऱ्याच्या पेशींचे अस्तर शरीर परके मानते. याच मुद्द्यावर एक इशारा द्यावासा वाटतो. नवजात बाळाचे नाळेचे रक्त पैसे भरून साठवा, पुढे हृदयापासून मेंदूपर्यंत सगळ्याला उपयोगी पडेल, अशा जाहिराती तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतले मूळ पेशींचे प्रत्यारोपण सोडले तर बाकी सर्व वापर रीतसर चाचणीतच व्हायला हवा. रक्तातल्या पेशींनी अस्तर लावलेली नळी आज भारतात कुठेही विकत मिळणारा उपचार नाही. कुणी पैसे घेऊन देऊ करत असेल तर ती फसवणूक समजावी.

राहिला खर्च. एकेका रुग्णासाठी वेगळ्या पेशी वाढवणे महाग असते आणि गरिबाच्या आवाक्यात कधी येणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी मुंबईकडे बोट दाखवीन. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर कार-टी पेशींचा देशी उपचार उभा केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रुग्णाचे रक्त घ्यायचे, पेशी वेगळ्या करायच्या, बदलून वाढवायच्या आणि त्यालाच परत द्यायच्या, ही साखळी महाराष्ट्रात आज चालू आहे. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ती होते. तरीही ती रक्कम लाखांत आहे आणि सामान्य घराला पेलणारी नाही. पण दहा वर्षांपूर्वी हे इथे होईल असे म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढले असते. पुण्याकडे तर या विषयाची जुनी शिदोरी आहे. १९८६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र विद्यापीठाच्या आवारात आहे. तिथे ललिता लिमये आणि वैजयंती काळे यांनी रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी गोठवताना कमी मराव्यात म्हणून साध्या, स्वस्त द्रव्यांची जोड देऊन पाहिली आणि २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. पॉलिमरचे जाणकार पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहेत. रक्तवाहिन्यांचे सर्जन शहरात आहेत आणि रुग्ण तर भोर, वेल्हे, पुरंदर, मुळशीतून रोज येतात. या चौघांना एका प्रकल्पात बसवणे हे सरकारचे काम आहे. पाच-सात वर्षांचा पैसा द्यावा, पहिली चाचणी पायाच्या बायपासच्या मोजक्या रुग्णांवर करावी आणि निकाल, मग तो कसाही लागो, जाहीर करावा. एवढीच मागणी आहे, आणि ती अवाजवी नाही.

तोपर्यंत उपलब्ध असलेली सर्वांत चांगली नळी म्हणजे आपली स्वतःची शीर. ती अस्तरासकट, फुकट मिळालेली असते आणि आपण ती हयगयीने गमावतो. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार असल्याचे निदान झाले आहे, त्यांनी डायलिसिस अजून लांब असले तरी कामाला कमी वापरल्या जाणाऱ्या हाताच्या, म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या हाताच्या, मनगट ते कोपर या भागातल्या शिरेतून रक्त काढू देऊ नये, सलाइन लावू देऊ नये. तळहाताच्या मागची शीर वापरा असे दवाखान्यात स्वतःहून सांगावे. मधुमेह असेल तर पायाची नाडी वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. आणि विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री सोडावी, कारण तंबाखूचा पहिला घाव याच अस्तरावर बसतो.